अल्बम रिलीज करून देणारी ऑल-इन-वन ऑनलाइन सर्व्हिस: मेटल, अँबियंट, रॅप, ख्याल सगळं टाकून बघितलं

नाव लिहीत नाहीये. अशा सर्व्हिस भरपूर आहेत आणि फॉर्मपासून सपोर्टच्या उत्तरांपर्यंत सगळं एकमेकांसारखंच आहे, त्यामुळे तुम्ही कुठलीही घेतलीत तरी यातलं बरंचसं लागू पडेल. आमचं एक छोटं लेबल आहे, लेबल म्हणजे काय हो, चार टाळकी, एक कॉमन ईमेल आयडी आणि दोन हार्ड डिस्क, पण प्रत्येकाचा कान वेगळीकडे असल्यामुळे एकाच अकाउंटवरून एक थ्रॅश मेटलचा अल्बम, एक अँबियंटचा (ठेका नसलेलं, संथ वातावरणाचं संगीत), एक रॅपचा आणि एक ख्याल गायनाचा असे चार तऱ्हेचे अल्बम गेले. म्हणजे तोच फॉर्म, तेच सॉफ्टवेअर, तीच सपोर्ट टीम, फक्त संगीत वेगळं. एकाच जॉनरचं काम करणाऱ्याला ज्या गोष्टी दिसणारच नाहीत त्या आम्हाला दिसल्या म्हणून लिहितोय.

पॅकेजमध्ये काय मिळतं ते आधी सांगतो. तुम्ही मिक्स केलेल्या वेव्ह फाइल द्यायच्या, त्यांचं सॉफ्टवेअर ऑटोमॅटिक मास्टरिंग, म्हणजे रिलीजआधी आवाजावरचा शेवटचा हात, करतं, मग स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक वगैरे सगळीकडे अल्बम चढतो, प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी कोड (त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) आणि अख्ख्या अल्बमला यूपीसी (बारकोडचा नंबर) मिळतो, रॉयल्टी एका डॅशबोर्डवर जमा होताना दिसते, आणि वेगळे पैसे भरले तर सीडी आणि व्हायनलही (सुईवर वाजणाऱ्या रेकॉर्ड) छापून देतात. माझं मत एका दमात सांगायचं तर डिस्ट्रिब्यूशन घ्या, ऑटो मास्टरिंग फुकट दिलं तरी घेऊ नका, आणि व्हायनल डिपार्टमेंट एक नंबर. कारण असं की या सगळ्या सिस्टिमला फक्त गाणं कळतं. तीन-साडेतीन मिनिटांचं, सुरुवात आणि शेवट असलेलं, एका आर्टिस्टचं, सुटं वाजणारं गाणं. अल्बम म्हणजे त्यांच्या लेखी अशा गाण्यांचं फोल्डर.

चांगलं ते पटकन सांगून टाकतो. अपलोड सुरळीत होतं, २४ बिटच्या मोठ्या फाइलसुद्धा मध्येच अडकल्या नाहीत. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, चौकोनी, आरजीबी, त्यावर वेबसाइटचा पत्ता किंवा सोशल मीडियाचं हँडल चालत नाही, हे सगळं अपलोड करतानाच सांगतात, नंतर नाचवत नाहीत. रॉयल्टी स्प्लिटची सोय तर खरंच भारी आहे, बँडमधल्या प्रत्येकाचा टक्का एकदा टाकला की पैसे परस्पर ज्याच्या त्याच्या अकाउंटला जातात, त्यामुळे मेटलवाल्या मंडळींमधली निम्मी भांडणं संपली (उरलेली निम्मी ड्रमच्या आवाजावरून आहेत, त्याला इलाज नाही).

आता मास्टरिंग. इथे जरा सविस्तर लिहितो कारण जाहिरात सगळी याचीच करतात.

स्ट्रीमिंग ॲप सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणून वाजवतात. कानाला सरासरी आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप एलयूएफएस, आणि स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४, ॲपलची उणे १६. तुमची फाइल त्यापेक्षा मोठी असेल तर ते सरळ खाली ओढतात. म्हणजे फाइल दाबून दाबून लाउड करण्यात आता काही कमाई नाही, उलट दाबताना ड्रमचे जे ठोके चेपले जातात ते चेपलेलेच राहतात आणि वर आवाजही कमी होतो. हे काही नवीन ज्ञान नाही, २००८ साली मेटॅलिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'वरून केवढा गदारोळ झाला होता, सीडीवरची गाणी इतकी दाबलेली होती की लोकांना व्हिडिओ गेममध्ये आलेली तीच गाणी जास्त मोकळी वाटली. तरी या सॉफ्टवेअरमध्ये 'मेटल' प्रीसेट निवडला की आउटपुट उणे ७ च्या आसपास, म्हणजे उणे १४ पेक्षा कितीतरी लाउड, येतं! आमच्या ड्रमरने एवढा जीव तोडून स्नेअर ट्यून केला होता, मास्टरमध्ये तो पुठ्ठ्यावर काठी मारल्यासारखा येत होता. इंटेन्सिटीचा स्लायडर 'लो'वर नेला तर थोडं बरं होतं, पण मग मूळ मिक्समध्ये आणि मास्टरमध्ये फरक शोधत बसावं लागतं, मग पैसे कशाचे दिले.

तरी मेटलला निभावलं म्हणायचं. ख्यालाला जे केलं त्याला तोड नाही. आमच्या गायिका, त्यांना आम्ही सगळे ताईच म्हणतो, विलंबितची सुरुवात अगदी दबक्या आवाजात करतात, मंद्रात कामं करत करत हळूहळू वर जातात आणि तार षड्ज लागतो तेव्हा आवाज मोकळा सोडतात. आवाजातला हा चढउतार हेच तर सगळं गाणं आहे. सॉफ्टवेअरने काय केलं, मंद्र उचलून तारेच्या लेव्हलला आणून ठेवला. पहिल्या मिनिटालाच आवाज अंगावर येतो, मग अर्धा तास नुसताच येत राहतो, आणि ज्या तार षड्जासाठी एवढी वाट बघायची तो आला तरी काही वाटत नाही. वर 'क्लीन-अप' नावाचा एक टिकमार्क आपोआप चालू असतो, बॅकग्राउंडची घरघर काढण्यासाठी. त्याने तानपुऱ्यालाच घरघर समजून कापला. पूर्ण नाही कापला, पूर्ण कापला असता तर लगेच लक्षात तरी आलं असतं, त्याने जवारी, म्हणजे तारांची ती झणझण, खाल्ली आणि मागे एक सपाट घूं ठेवली. ताईंनी हेडफोन लावला, दहा सेकंद ऐकलं आणि विचारलं, "अरे, माझा तानपुरा कोणी नेला?" दुसऱ्या दिवशी आम्ही ऑटो मास्टरिंग रद्द करून आमचा मूळ मिक्सच, फक्त वरची टोकं सांभाळून, मास्टर म्हणून चढवला. सर्व्हिसला तसं चालतं बरं का, 'माझं मास्टर तयार आहे' हा ऑप्शन खाली बारीक अक्षरात असतो, तो शोधा.

अँबियंटची गोष्ट वेगळीच. मित्राने चाळीस मिनिटांचा एकच सलग तुकडा केला होता. आता स्ट्रीमिंगचा हिशोब असा की ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम, मग ट्रॅक दोन मिनिटांचा असो की चाळीस मिनिटांचा, एकच. म्हणजे दोन मिनिटांच्या रॅपच्या गाण्याला जेवढे पैसे तेवढेच ताईंच्या छत्तीस मिनिटांच्या विलंबितला. त्यामुळे सगळे सल्ला देतात की तुकडे पाडा. पण २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या ट्रॅकला आधीच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झालेले नाहीत त्याला रॉयल्टीच मिळत नाही, म्हणजे जास्त तुकडे पाडले तर प्रत्येक तुकडा हजाराच्या आत राहून सगळंच बुडायचं. अशी कात्री. शेवटी मित्राने सहा तुकडे पाडले, एकातून दुसऱ्यात न थांबता जाणारे.

मग सुरू झाला तमाशा. ऑटो मास्टरिंग प्रत्येक ट्रॅक सुटा बघून प्रत्येकाची लेव्हल सारखी करतं, त्यामुळे जिथे दोन ट्रॅक जुळतात तिथे आवाज टणकन उडी मारायला लागला, शांत भाग संपून भरलेला भाग सुरू व्हायच्या ऐवजी दोन्ही सारखेच भरलेले. खरं तर अल्बम ओळीने ऐकला तर स्पॉटिफाय स्वतः अख्ख्या अल्बमला एकच माप लावतं, आतल्या शांत ट्रॅकला शांत राहू देतं, म्हणजे ज्या ॲपच्या नावाने ही सर्व्हिस मास्टरिंग विकते त्या ॲपलासुद्धा अल्बमची जाण हिच्यापेक्षा जास्त आहे. ऑटो मास्टरिंग रद्द करून स्वतःचं मास्टर चढवलं तर क्वालिटी चेकवाल्यांनी अल्बम परत पाठवला. कारण काय? "ट्रॅक ३ चा शेवट अचानक तुटतो, दुरुस्त फाइल अपलोड करा." आम्ही लिहिलं की तुटत नाही, तो पुढच्या ट्रॅकमध्ये जातो, ३ आणि ४ लागोपाठ ऐका. उत्तर आलं, "आम्ही प्रत्येक ट्रॅक स्वतंत्रपणे तपासतो." घ्या! यावर काय बोलणार. पुढे कोणीतरी सुचवलं म्हणून रिव्ह्यूच्या कमेंट बॉक्समध्ये 'कंटिन्युअस मिक्स, गॅपलेस, मुद्दाम' असं लिहिलं आणि तीच फाइल पुन्हा पाठवली, तेव्हा पास झाली. सलग अल्बम करणाऱ्यांनी हे पहिल्यांदाच लिहून टाका. आणि जोड नेहमी वेव्ह फाइलमध्येच तपासा, एमपीथ्री करताना एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता घालतो, मग चांगला जोडसुद्धा अडखळल्यासारखा ऐकू येतो आणि माणूस उगाच मिक्स उसवत बसतो.

फॉर्म भरणं हा मेटल आणि अँबियंटला दहा मिनिटांचा विषय आहे. ख्यालाचा फॉर्म भरताना मात्र डोकं फिरतं. गाण्याचं नाव काय, तर रागाचं नाव लिहायचं की बंदिशीचे शब्द? संगीतकाराचं पहिलं नाव आणि आडनाव दोन्ही कंपल्सरी. बंदिश पारंपरिक. पहिल्या चौकटीत 'ट्रॅडिशनल' लिहिलं तर आडनावाशिवाय पुढे जाऊ देईना, म्हणून वैतागून दुसऱ्या चौकटीतही तेच लिहिलं आणि आता एका ॲपवर बंदिशीचे संगीतकार 'ट्रॅडिशनल ट्रॅडिशनल' आहेत. वाद्यांच्या यादीत तबला सापडला, हार्मोनियम सापडली, तानपुऱ्याला 'इतर तंतुवाद्य' करावं लागलं. विलंबित आणि द्रुत हे एकाच रागाचे दोन भाग आहेत, एक संपून दुसरा सुरू होतो, हे सांगायला कुठे जागाच नाही. पाश्चात्त्य क्लासिकलवाल्यांचंही रडगाणं हेच आहे, त्यांच्याकडे संगीतकार एक, कंडक्टर दुसरा, ऑर्केस्ट्रा तिसरा, आणि एका कृतीचे तीन-चार भाग. ॲपलने तर शेवटी मार्च २०२३ मध्ये क्लासिकलसाठी वेगळं ॲपच काढलं, म्हणजे गाणं-आर्टिस्ट-अल्बम या तीन चौकटींत ते संगीत मावत नाही हे एवढ्या मोठ्या कंपनीलाही मान्य करावं लागलं. डिस्ट्रिब्यूशनच्या फॉर्मपर्यंत ते अजून पोचायचंय.

रॅपवाल्याचं दुखणं हक्कांचं. त्याने दोन बीट (रॅपमागे वाजणारं तयार संगीत) लायसन्सवर घेतले होते, नॉन-एक्स्क्लुझिव्ह, म्हणजे तोच बीट आणखी कितीतरी जणांनी घेतलेला असतो. आणि अपलोड करताना 'यूट्यूब कंटेंट आयडीमधून जास्त कमवा' असा चकचकीत टिकमार्क येतो (कंटेंट आयडी म्हणजे तुमचा ऑडिओ दुसऱ्यांच्या व्हिडिओत ओळखून आपोआप हक्काचा क्लेम टाकणारी यूट्यूबची सिस्टिम), त्याखाली एका लिंकमागे लिहिलेलं असतं की त्या ऑडिओचे सगळे हक्क फक्त तुमच्याकडे असले तरच हे करा. नॉन-एक्स्क्लुझिव्ह बीटवर ते केलं तर तोच बीट वापरणाऱ्या बाकीच्यांच्या व्हिडिओवर क्लेम जातात, ते उलटे भांडायला येतात, आणि तुमच्याच व्हिडिओवर दुसऱ्या कोणाचा क्लेम पडतो ते वेगळंच. आमच्यावर पडला. सपोर्टने सोडवला पण तोवर रिलीजचा सगळा आठवडा गेला आणि रॅपमध्ये पहिला आठवडा गेला म्हणजे गेलाच. माझी तक्रार एवढीच की लायसन्स कुठल्या प्रकारचं आहे हा एक प्रश्न फॉर्ममध्ये आधी विचारला असता तर हे झालंच नसतं. आणि सॅम्पलच्या बाबतीत तर अजून जपून, जुन्या रेकॉर्डचा दोन सेकंदांचा तुकडा असला तरी मूळ रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा आणि रचनेचा हक्क वेगळा, दोन्हीकडून परवानगी लागते. डे ला सोल या रॅप ग्रुपचा १९८९ चा पहिला अल्बम सॅम्पलच्या भानगडींमुळे स्ट्रीमिंगवर यायला ३ मार्च २०२३ उजाडला. तेवढ्या नावाजलेल्या लोकांची ही गत.

रिलीजची तारीख शुक्रवारची धरा, १० जुलै २०१५ पासून जगभर नवीन संगीत शुक्रवारीच येतं, त्याआधी अमेरिकेत मंगळवार आणि ब्रिटनमध्ये सोमवार असे ज्याचे त्याचे वार होते. सर्व्हिस म्हणते अल्बम दोन दिवसांत लाइव्ह होतो, होतोही, पण दोन दिवसांवर तारीख ठेवू नका, तीन-चार आठवडे हातात ठेवा. एकतर स्पॉटिफायच्या प्लेलिस्टवाल्यांना गाणं सुचवायचं तर किमान सात दिवस आधी सुचवावं लागतं, आणि तिथेही येणाऱ्या रिलीजमधलं एकच गाणं निवडता येतं. मेटलवाल्यांचं त्यावरून तीन दिवस चाललं होतं, अँबियंटवाल्याने डोळे मिटून बोट ठेवलं, ताईंनी 'द्रुत टाका' म्हणून विषय संपवला. दुसरं म्हणजे नावाचा घोटाळा. आमच्या बँडच्या नावाचा दुसरा एक आर्टिस्ट आहे, हळुवार पियानो वाजवणारा, आणि आमचा थ्रॅश अल्बम थेट त्याच्या प्रोफाइलवर जाऊन बसला. त्याच्या चाहत्यांनी सकाळी उठून ते लावलं असेल तेव्हा काय झालं असेल देव जाणे. दुरुस्त झालं, पण वेळ लागला, आणि तारीख लांबची होती म्हणूनच रिलीजच्या आत झालं. आर्टिस्ट प्रोफाइलची लिंक द्यायची सोय फॉर्ममध्ये आहे, ती रिकामी सोडू नका.

पैशाचं फार लिहीत नाही, रिपोर्ट दोन-तीन महिने उशिरा येतात, ते सगळीकडेच तसं आहे. बघायचं ते एवढंच की ही वार्षिक वर्गणीची सर्व्हिस आहे, वर्गणी थांबली की अल्बम खाली उतरतो. काही जण एकदाच पैसे घेतात, काही वर्गणी न घेता टक्का घेतात. वर्षाला सिंगलमागून सिंगल काढणाऱ्या रॅपवाल्याला वर्गणी परवडते, पण ताईंसारखं चार वर्षांनी एक अल्बम काढणाऱ्याला टक्केवारीवालं बरं. आणि कधी सर्व्हिस बदलायची वेळ आली तर जुने आयएसआरसी कोड लिहून ठेवा, तेच कोड आणि तीच ऑडिओ फाइल नवीन ठिकाणी द्या, म्हणजे स्ट्रीमचे आकडे शून्यावर येत नाहीत. डॅशबोर्डवरून कोडची यादी डाउनलोड होते, आजच करून ठेवा.

आता व्हायनल, ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो. इथे पहिल्यांदा समोर माणूस भेटला.

फाइल पाठवल्यावर आम्हाला वाटलं आता इथेही ऑटोमॅटिक काहीतरी होऊन डबे येतील, तर कटिंग इंजिनियरचा लांबलचक मेल आला, आणि मेलमध्ये मिनिट-सेकंद टाकून लिहिलेलं, म्हणजे बाबाने अख्खा अल्बम ऐकला होता. तोही ओळीने! अँबियंटबद्दल त्याने लिहिलं की तुमचा खालचा बेस डावी-उजवीकडे पसरलाय, डिस्कवर असा बेस सुईला आडवं हलवायच्या ऐवजी वर-खाली उचलतो आणि सुई खोबणीतून उडते, तर १५० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो, म्हणजे दोन्हीकडे एकसारखं, करून पाठवा. बाकी बाजूला वीस-वीस मिनिटं एकदम छान बसतात. १९४८ मध्ये कोलंबियाने एलपी आणली तेव्हापासून एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं हे माप आहे, त्यापेक्षा जास्त कोंबलं तर खोबण्या बारीक कराव्या लागतात आणि आवाज बसतो. म्हणजे ज्या सलग तुकड्याला स्ट्रीमिंगने पाच ठिकाणी कापायला लावलं तो इथे फक्त एकदा, डिस्क उलटण्यापुरता, तुटला. मित्र त्या दिवसापासून त्या इंजिनियरचा भक्त आहे.

मेटल अल्बम २९ मिनिटांचा, त्यावर इंजिनियरने स्वतःहून सुचवलं की प्रत्येक बाजूला पंधराच्या आतच आहात तर ३३ ऐवजी ४५ आरपीएमवर (मिनिटाला ४५ फेरे) कापू, डिस्क जोरात फिरते म्हणून वरचे सूर जास्त स्वच्छ येतात. बँडमधला एक जण कुरकुरत होता की २९ मिनिटांचा अल्बम म्हणजे लोकांना कमी वाटेल. स्लेयर या थ्रॅश बँडचा १९८६ चा 'रेन इन ब्लड' तेवढाच आहे म्हटलं, त्याच्या कॅसेटवर तर दोन्ही बाजूंना अख्खा अल्बम छापला होता. मग गप्प बसला.

रॅपला त्याने चक्क गाण्यांचा क्रम बदलायला सांगितला. कारण ऐकण्यासारखं आहे: डिस्क एकाच गतीने फिरते पण सुई जसजशी आत जाते तसतसं वर्तुळ लहान होतं, बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खोबण सुईखालून सरकते, लेबलजवळ जेमतेम २० च्या आसपास. म्हणजे आतल्या गाण्याला तोच आवाज निम्म्याहून कमी जागेत लिहायचा, आणि त्यात पहिल्यांदा फाटतात ते 'स' आणि 'श' आणि हायहॅट. आमच्या पठ्ठ्याचं सगळ्यात जोरकस, सकारांनी भरलेलं गाणं नेमकं पहिल्या बाजूच्या शेवटी होतं. ते पुढे आणलं आणि संथ गाणं शेवटी टाकलं, आणि मला तर तो क्रम ऐकायलाही जास्त आवडला, तो अजून नाही म्हणतो.

ख्यालाला मात्र त्याने सरळ नाही सांगितलं. छत्तीस मिनिटांचं विलंबित एका बाजूवर बसवलं तर आवाज इतका खाली न्यावा लागेल की तानपुऱ्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येईल, मध्ये तोडायची तयारी असेल तर जागा तुम्ही सांगा, मी सांगणार नाही, असं लिहिलं. ताई म्हणाल्या तोडायचं नाही. मग ऑर्डर घेतलीच नाही त्याने, वर सल्ला दिला की सीडी करा. ऑर्डर नाकारणारा माणूस या अख्ख्या कंपनीत हा एकच असावा.

टेस्ट प्रेसिंग, म्हणजे सगळ्या प्रती छापण्याआधीची नमुन्याची डिस्क, आली की ती खरोखर ऐका, पूर्ण, दोन्ही बाजू, आणि दुसऱ्या प्लेयरवर पुन्हा. अँबियंटच्या टेस्टमध्ये एका शांत जागी टक, टक असं बारीक वाजत होतं, मोजलं तर बरोबर १.८ सेकंदांनी, म्हणजे ३३ आरपीएमच्या एका फेऱ्याला एक. असं ठराविक अंतराने आलं तर दोष डिस्कवर आहे, मिक्समध्ये नाही. दुसऱ्या प्रतीतही त्याच जागी होतं म्हणजे साच्यातच खोट. त्यांनी एका मेलवर मान्य केलं, नवीन साचा केला, नवीन टेस्ट पाठवली, जास्तीचे पैसे मागितले नाहीत. हे वेळेवर ऐकलं नाही तर काय होतं त्याचं मोठं उदाहरण म्हणजे जॅझवाल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', १९५९ मध्ये पहिल्या सेशनला टेप मशीन जरा हळू फिरत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूची गाणी किंचित चढ्या सुरात छापली गेली आणि १९९२ च्या आवृत्तीपर्यंत तशीच वाजत राहिली. त्यावर वाजवून सराव करणाऱ्या किती जणांनी आपलंच वाद्य बेसूर समजून खुंट्या पिळल्या असतील!

व्हायनलची एकच कटकट म्हणजे वेळ. आमच्या डिस्क सांगितलेल्या तारखेच्या बऱ्याच नंतर आल्या. हे फक्त यांचं नाही, ज्या लॅकरवर (मऊ थराच्या कोऱ्या चकतीवर) पहिली खोबण कापतात ते जगात दोनच ठिकाणी मोठ्या प्रमाणावर बनायचे आणि त्यातला कॅलिफोर्नियाचा कारखाना फेब्रुवारी २०२० मध्ये जळाला, तेव्हापासून प्लँटवाले शब्द देताना हात राखूनच देतात. तेव्हा स्ट्रीमिंगची तारीख आणि डिस्कची तारीख एकमेकांना बांधू नका, डिस्क हातात आल्यावरच त्यांची घोषणा करा. लोक आधी पैसे भरून बसले की रोज मेसेज येतात आणि उत्तर देणारे शेवटी आपणच असतो.

सीडी व्यवस्थित आली, फार काही सांगण्यासारखं नाही. डीडीपी फाइल, म्हणजे अख्ख्या सीडीचं तयार मास्टर, मागतात, त्यात ट्रॅकच्या खुणा आणि मधलं अंतर आपणच ठरवतो, शून्य ठेवलं की शून्यच राहतं, 'प्रत्येक ट्रॅक स्वतंत्रपणे तपासतो' म्हणणारं कोणी मध्ये येत नाही. ताईंचे विलंबित आणि द्रुत बावन्न मिनिटांत एका डिस्कवर निवांत बसले आणि तानपुराही जवारीसकट परत आला. कार्यक्रमानंतर सगळ्यात जास्त खपते ती हीच, मेटलवाल्यांच्या टी-शर्टपेक्षाही जास्त, त्यावर ते फार बोलत नाहीत.

तर पुढचा अल्बम येतोय तो मेटल आणि सतारीचा काहीतरी घाट घातलाय आमच्यातल्या दोघांनी, त्याचं मास्टरिंग एका माणसाकडे दिलंय ज्याने आधी विचारलं की अल्बम कुठल्या क्रमाने ऐकायचाय. डिस्ट्रिब्यूशन याच सर्व्हिसकडून, व्हायनलही यांच्याकडूनच, त्या इंजिनियरचं नाव ऑर्डरच्या नोटमध्ये लिहून, तसं लिहिलेलं चालतं. तुम्हीही घेणार असाल तर रिन्यूअलची तारीख एकाच्या नाही, सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये टाका, कारण कार्ड एक्स्पायर झालं तर ते एकच मेल पाठवतात आणि तो जाहिरातींच्या फोल्डरमध्ये जातो.